मुक्या सोबत्याला हवी जागा



वसई-विरार हा भाग पूर्वी वाड्यांचा, विहिरींचा आणि केळीच्या बागांचा म्हणून ओळखला जाई. आजही पश्चिमेकडील गावांत भाजीपाल्याच्या आणि फुलांच्या वाड्या आहेत. परंतु रेल्वे स्थानकांच्या आसपास आता इमारती आणि चाळी दाटीने उभ्या आहेत. २००९ साली वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आजूबाजूची गावे मिळून महानगरपालिका झाली, आणि वस्ती वाढतच गेली. एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात, अशी घरे येथे पुष्कळ आहेत. अशा घरातही मुलांना एखादा प्राणी पाळावासा वाटतो. मग कोणी मासे पाळतो, कोणी मांजर, कोणी ससा, तर कोणी गिनीपिग.

गिनीपिग दिसायला गोंडस असतो. तो चावत नाही, ओरबाडत नाही, भुंकून शेजाऱ्यांना त्रास देत नाही. लहानशा पिंजऱ्यात मावतो. म्हणून दुकानदार सांगतो, "याला काही लागत नाही. कोपऱ्यात ठेवा आणि दाणे टाका." येथेच चूक होते. कोपऱ्यात ठेवलेला आणि सतत दाणे खाणारा गिनीपिग काही महिन्यांत लठ्ठ होतो. घरातली माणसे कौतुकाने म्हणतात, "कसा गुबगुबीत झालाय!" पण तो गुबगुबीतपणा त्याच्या जिवावर बेतू शकतो. तो का, आणि त्यावर उपाय काय, हे या पाठात समजून घेऊ या.

गिनीपिग म्हणजे कोण?

नावात 'पिग' असले तरी गिनीपिग डुक्कर नव्हे. आफ्रिकेतील गिनी या देशाशीही त्याचा संबंध नाही. तो उंदीर, खार आणि साळिंदर यांच्याप्रमाणे कुरतडणारा प्राणी आहे. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वताच्या प्रदेशात आहे. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर हे देश तेथेच येतात. तेथील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्याला युरोपात नेले आणि पुढे तो जगभर पसरला.

त्याच्या पुढच्या पायांना चार-चार आणि मागच्या पायांना तीन-तीन बोटे असतात. तोंडात वीस दात असतात आणि ते जन्मभर वाढत राहतात. त्याला शेपूट दिसत नाही. पूर्ण वाढलेल्या गिनीपिगचे वजन साधारणपणे ७०० ते १२०० ग्रॅम असते. नर मादीपेक्षा थोडा जड असतो. चांगली काळजी घेतली तर तो पाच ते आठ वर्षे जगतो. म्हणजे तुम्ही पाचवीत असताना आणलेला गिनीपिग तुमची शालान्त परीक्षा होईपर्यंत तुमच्या सोबत असू शकतो!

ज्याच्यावर प्रयोग केले जातात, त्याला 'गिनीपिग' म्हणण्याची पद्धत आहे. तुम्ही वर्तमानपत्रात हा शब्द वाचला असेल. यामागे खरा इतिहास आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो काय, हे शोधण्यासाठी १९०५ नंतर संशोधकांनी मुंबईतील प्लेगग्रस्त घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. ज्या पिंजऱ्यांत पिसवा शिरू शकत होत्या, तेथील गिनीपिगना प्लेग झाला. ज्या पिंजऱ्यांना पिसवांपासून सुरक्षित ठेवले होते, तेथील गिनीपिग वाचले. परळ येथील ज्या प्रयोगशाळेत हे काम चाले, ती आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

१९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिक या दोन शास्त्रज्ञांना गिनीपिगमुळेच आणखी एक गोष्ट समजली. ताजा पाला न मिळालेल्या गिनीपिगना माणसांप्रमाणेच स्कर्व्ही हा रोग होतो, असे त्यांना दिसले. पुढे क जीवनसत्त्वाचा शोध लागला, त्याची वाट या प्रयोगांनी मोकळी केली. माणसाप्रमाणे गिनीपिगचे शरीरही क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे.

या लहानशा प्राण्याने माणसावर असे मोठे उपकार केले आहेत. आपल्या घरी आलेल्या गिनीपिगला निदान नीट चालता-फिरता यावे, एवढे तरी आपण करायला हवे.

लठ्ठपणा वाईट का?

रानात राहणारे गिनीपिगचे भाईबंद दिवसातला बराच वेळ गवत खात हिंडतात. गवतात ताकद कमी आणि चोथा जास्त असतो. म्हणून पोट भरण्यासाठी पुष्कळ खावे लागते आणि पुष्कळ चालावे लागते. त्यांचे शरीर अशाच जीवनासाठी घडलेले आहे.

पिंजऱ्यात याच्या उलट घडते. अन्न तोंडाशी असते आणि चालायला जागा नसते. दाण्यांत, सूर्यफुलाच्या बियांत, बिस्किटांत आणि पावात ताकद जास्त असते. ती खर्च होत नाही, मग तिची चरबी बनते.

लठ्ठ गिनीपिगच्या लहान पायांवर सगळा भार पडतो. त्याच्या तळव्यांना केस नसतात. तळवे आधी लाल होतात, मग सुजतात आणि शेवटी त्यांना जखमा होतात. त्या जखमा भरायला फार दिवस लागतात. त्याच्या हृदयावरही ताण येतो. उन्हाळा त्याला सोसत नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून तुम्हांला नवल वाटेल. गिनीपिग आपल्या काही मऊ लेंड्या परत खातो. हा घाणेरडेपणा नव्हे. गवतातील जी सत्त्वे पहिल्या वेळी पचत नाहीत, ती दुसऱ्या वेळी त्याच्या अंगी लागतात. या लेंड्या तो मान वळवून थेट शरीरापासून उचलतो. फार लठ्ठ गिनीपिगला तेवढे वाकताच येत नाही. मग त्याचे पोषणही बिघडते आणि अंगही अस्वच्छ राहते. बघा, खूप खाऊनही तो कुपोषित राहू शकतो!

लठ्ठपणा ओळखावा कसा?

यासाठी एक सोपी रीत आहे. तुमचा डावा हात पुढे करा. मूठ घट्ट मिटा आणि बोटांच्या उंचवट्यांवरून उजव्या हाताची बोटे फिरवा. हाडे टोचल्यासारखी लागतात. आता बोटे सरळ करा आणि हाताच्या पाठीवरून बोटे फिरवा. हाडे लागतात, पण टोचत नाहीत. मग तळहात वर करून अंगठ्याखालचा मांसल भाग चाचपा. तेथे हाड लागतच नाही.

आता गिनीपिगच्या बरगड्यांवरून हळूच बोटे फिरवा. मुठीसारखे लागले तर तो हडकुळा आहे. हाताच्या पाठीसारखे लागले तर ठीक आहे. तळहातासारखे लागले तर तो लठ्ठ आहे. तो उभा असताना पोटाखाली पाय दिसेनासे झाले असतील, किंवा हनुवटीखाली चरबीची पिशवी लोंबत असेल, तर तेही लठ्ठपणाचे लक्षण समजावे.

मात्र पोट मोठे दिसते म्हणून प्राणी लठ्ठच असेल, असे नाही. दुकानात नर आणि मादी ओळखण्यात नेहमी गफलत होते. 'दोन्ही माद्या आहेत' असे सांगून दिलेल्या जोडीत एक नर निघतो. मग जी लठ्ठ वाटते, ती गाभण असते. गिनीपिगची मादी साधारण दोन ते सव्वादोन महिने गाभण राहते. कधी कधी पोटातल्या गाठीमुळे किंवा वायूमुळेही पोट फुगते. म्हणून कोणताही उपाय करण्याआधी प्राणी एकदा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावा. वसई-विरार भागात असे दवाखाने आहेत. मोठा आजार असेल तर मुंबईत परळ येथे जनावरांचे जुने इस्पितळ आहे. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचे नाव असलेले हे इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. मुंबईकर त्याला 'बैलघोडा इस्पितळ' म्हणतात.

जागा किती हवी?

आता थोडे गणित करू. दुकानात मिळणारा साधा पिंजरा बहुधा २ फूट लांब आणि १ फूट रुंद असतो. त्याचे क्षेत्रफळ २ चौरस फूट झाले. गिनीपिगला कमीत कमी साडेसात चौरस फूट जागा द्यावी, असे जाणकार सांगतात. दोन असतील तर साडेदहा चौरस फूट असावी. म्हणजे साध्या पिंजऱ्यात त्याला गरजेच्या जेमतेम पावपट जागा मिळते.

काही पिंजरे दुमजली, तिमजली असतात. ते पाहून फसू नका. गिनीपिग खारीसारखा चढणारा प्राणी नाही. तो जमिनीवर सरळ धावणारा प्राणी आहे. त्याला उंची नको, लांबी हवी.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्हांलाच पाय पसरायला जागा नाही. गिनीपिगला कोठून देणार?" प्रश्न बरोबर आहे. पण घरात एक जागा अशी असते की जिचा आपण विचारच करत नाही. ती म्हणजे खाटेखालची जागा! साधी खाट ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद असते. तिच्याखाली १८ चौरस फूट जमीन असते. तेथील ट्रंका आणि गाठोडी एका बाजूला सरकवली, तरी निम्मी जागा सहज मोकळी होते. ६ फूट लांब आणि दीड फूट रुंद पट्टा म्हणजे ९ चौरस फूट. झाले काम!

या पट्ट्याला चारी बाजूंनी पुठ्ठ्याचे कुंपण करा. किराणा दुकानातले रिकामे खोके कापून एक फूट उंचीचे पुठ्ठे मिळतात. जमिनीवर जुनी जाड चादर किंवा सतरंजी घाला. नुसत्या लादीवर त्याचे पाय घसरतात, आणि लोखंडी जाळीवर चालवले तर तळव्यांना जखमा होतात. विजेच्या तारा आधी दूर करा. तो दिसेल ते कुरतडतो.

मोकळे सोडले तरी तो पळत का नाही?

पुष्कळ मुले हौसेने गिनीपिगला खोलीच्या मध्यभागी सोडतात आणि टाळ्या वाजवतात. तो मात्र एका जागी दगडासारखा बसून राहतो, नाहीतर कोपरा गाठतो. मुले म्हणतात, "हा आळशी आहे."

तो आळशी नाही, तो घाबरलेला आहे. रानात घार, साप, कोल्हा असे किती तरी शत्रू त्याच्यासारख्या प्राण्याला टिपायला बसलेले असतात. उघड्या जागेत जो फिरला, तो मेला, हे त्याच्या रक्तात भिनलेले आहे. त्याला हालचाल करायची असते, पण एका आडोशापासून दुसऱ्या आडोशापर्यंत. म्हणून त्याला नुसती जागा देऊन भागत नाही. त्या जागेत लपण्याची ठिकाणेही हवीत. खाटेखालची जागा त्याला आवडते, याचेही कारण हेच. डोक्यावर छप्पर असले की त्याला धीर येतो.

बुटांचे दोन-तीन रिकामे खोके घ्या. प्रत्येकाला समोरासमोर दोन दारे कापा. एकच दार ठेवले तर आतला प्राणी कोंडीत सापडतो, आणि दोन गिनीपिग असतील तर भांडणे होतात. हे खोके पट्ट्याच्या दोन टोकांना आणि मध्ये ठेवा. रुंद पुठ्ठ्याच्या नळ्या मिळाल्या तर भुयारे म्हणून ठेवा. आता तो एका खोक्यातून निघून दुसऱ्या खोक्यात धूम ठोकेल. हाच त्याचा व्यायाम!

दुसरी युक्ती अन्नाची आहे. गिनीपिग व्यायामासाठी चालत नाही, खाण्यासाठी चालतो. म्हणून गवत एका टोकाला आणि पाणी दुसऱ्या टोकाला ठेवा. पालेभाजी वाटीत घालू नका. तिचे बारीक तुकडे जागोजागी लपवा. थोडे गवत कागदी पिशवीत कोंबून ठेवा. ते ओढून काढताना त्याची चांगलीच कसरत होते.

तिसरी गोष्ट सोबतीची. गिनीपिग कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा गिनीपिग उदास होतो आणि बसून राहतो. जोडीदार मिळाला की दोघे एकमेकांच्या मागे फिरतात. पण दोन माद्या किंवा दोन नर ठेवावेत. नर-मादी एकत्र ठेवले तर काही महिन्यांत घरात पिलांची फौज उभी राहील.

सकाळी लवकर आणि संध्याकाळी हे प्राणी अधिक चपळ असतात. म्हणून फजरनंतर आणि मगरिबच्या सुमारास त्यांना रोज वेळ द्या. ठरलेली वेळ झाली की ते शीळ घालून तुम्हांलाच बोलावू लागतात! आनंद झाला की गिनीपिग चारी पायांवर उंच उड्या मारतो. कढईतली मक्याची लाही जशी उडते, तशा त्या दिसतात. अशा उड्या दिसल्या की समजावे, आपले बरे चालले आहे.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. पांढऱ्या उंदरासाठी मिळणारे फिरते चाक किंवा प्लॅस्टिकचा पोकळ चेंडू गिनीपिगला देऊ नका. त्याचा पाठीचा कणा त्यात वाकतो आणि दुखावतो. आणि त्याला मागे लागून पळवू नका. भीतीने पळणे म्हणजे व्यायाम नव्हे.

खायला काय द्यावे?

गिनीपिगचे मुख्य अन्न म्हणजे सुके गवत. ते त्याच्यासमोर चोवीस तास असावे. गवत चावल्याने दात झिजतात आणि पोट साफ राहते. बाजारात पाकिटातले गवत महाग मिळते. पण आपल्या जिल्ह्यात गवताला तोटा नाही. पावसाळ्यानंतर वसई, वाडा, पालघर या तालुक्यांच्या माळरानांवर गवत कापून त्याच्या गंजी रचतात. वसई पूर्वेकडील तबेल्यांतही सुके गवत येते. हिरवट रंगाचे, गोड वासाचे, धूळ आणि बुरशी नसलेले गवत निवडून घ्यावे. भाताच्या पेंढ्यात मात्र सत्त्व कमी असते. तो अंथरण्यासाठी चालेल, जेवण म्हणून पुरणार नाही.

क जीवनसत्त्वासाठी रोज वाटीभर ताजी भाजी द्यावी. सिमला मिरचीचा तुकडा सर्वांत उत्तम. कोथिंबीर आणि दुर्वाही चालतात. पालक कधीतरी आणि थोडाच द्यावा. दुर्वा रस्त्याकडेच्या नकोत, कारण तेथे गाड्यांचा धूर आणि कुत्र्यांची घाण असते. भाजी दोन पाण्यांत धुऊन घ्यावी.

पेलेट नावाचे तयार दाणे दिवसाला मोठ्या प्राण्याला एक-दोन चमचे पुरे. फळे आठवड्यातून एखादा तुकडा. केळी तर फारच थोडे. वसईची सुकेळी आपल्याला आवडतात, पण ती गिनीपिगसाठी नाहीत. पाव, बिस्किट, शेव, भात, वेफर्स अजिबात नको. कांदा, लसूण आणि बटाटा त्याला बाधतात.

आता एक धोक्याची सूचना. वजन कमी करायचे म्हणून गिनीपिगला उपाशी ठेवू नका! माणूस रोजा ठेवू शकतो, गिनीपिग नाही. त्याचे पोट रिकामे राहिले की आतडी मंदावतात आणि यकृतात चरबी साचते. लठ्ठ प्राण्याला तर हा धोका अधिक. एक दिवसही त्याने काही खाल्ले नाही, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. कमी करायचे ते दाणे आणि गोड पदार्थ. गवत कधीच कमी करायचे नाही.

वजनाची वही

आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीच्या घरी 'गोलू' नावाचा गिनीपिग आहे. त्याचे वजन १४०० ग्रॅम झाले होते आणि मागचे तळवे लाल झाले होते. डॉक्टरांनी मलम दिले आणि सांगितले, "औषधापेक्षा याला जागा द्या." त्या मुलीने खाटेखाली पुठ्ठ्याचे कुंपण केले. दाणे हळूहळू कमी करून दोन आठवड्यांत निम्म्यावर आणले. दर शुक्रवारी सकाळी ती शेजारच्या किराणा दुकानातील काट्यावर त्याचे वजन करी आणि वहीत लिहून ठेवी.

पहिल्या आठवड्यात वजन तेवढेच राहिले. तिच्या भावंडांनी तिची थट्टा केली. चौथ्या आठवड्यात ते १३५० ग्रॅम झाले. तीन महिन्यांनी १२१० ग्रॅम झाले. तळवे बरे व्हायला त्याहूनही जास्त दिवस लागले. पण सर्वांत मोठा बदल वहीत लिहिता येण्यासारखा नव्हता. पूर्वी गोलू माणसाची चाहूल लागली तरी हलत नसे. आता कोथिंबिरीच्या जुडीची सळसळ ऐकली की तो खाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत येतो.

तुम्हीही अशी वही ठेवा. वजन नेहमी एकाच वेळी आणि एकाच काट्यावर करा. ते सावकाश उतरले पाहिजे. एका आठवड्यात ५० ग्रॅमपेक्षा जास्त उतरले तर आनंद मानू नका, डॉक्टरांना विचारा.

ऋतूप्रमाणे काळजी

गिनीपिगला घाम येत नाही. वसईचा एप्रिल-मे महिन्यांतला दमट उकाडा त्याला जाचतो. अशा दिवसांत त्याला दुपारी अजिबात दमवू नये. वीज गेली तर बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवावी. पत्र्याच्या खोलीत तर फारच जपावे.

पावसाळ्यात गवताला बुरशी येते. ते उंचावर, कोरड्या जागी ठेवावे. आपल्या भागात सखल वस्त्यांत पाणी शिरते. तेव्हा पिंजरा जमिनीवरून उचलून वर ठेवावा. अंथरूण ओले झाले की लगेच बदलावे, कारण ओलीमुळे तळवे चिघळतात. बाल्कनीत त्याला एकट्याला सोडू नये. मांजर, कावळा आणि घार यांचा नेम नसतो.

ईदच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना त्याची सोय आधी करा. चार दिवसांचे दाणे टाकून दार लावून जाणे म्हणजे त्याला मारणेच होय. कंटाळा आला म्हणून एखाद्या वाडीत किंवा मैदानात सोडून देणे हीदेखील दया नव्हे. तो तेथे एक रात्रही जगणार नाही.

आपली जबाबदारी

उर्दूत आपण ज्याला बेज़ुबान म्हणतो, त्याला मराठीत मुके जनावर म्हणतात. मुक्या जनावराला तक्रार करता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने आपणच विचार करावा लागतो.

आपल्या देशात १९६० साली प्राण्यांचा छळ रोखण्यासाठी कायदा झाला. ज्या पिंजऱ्यात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येत नाही, अशा पिंजऱ्यात त्याला कोंडणे हा त्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आपल्या धर्मातही हीच शिकवण आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले. तिने त्याला खायलाही दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. त्याबद्दल तिला शिक्षा झाली, ही हदीस तुम्ही घरी किंवा मदरशात ऐकली असेल. विचार करा, ज्याचे दार आपण बंद केले, त्याच्या भुकेची, पाण्याची आणि चालण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

प्राणी विकत घेण्याआधी ही जबाबदारी झेपेल काय, हे घरच्यांना विचारा. झेपत नसेल तर आणू नका. आणला असेल, तर आज संध्याकाळीच खाटेखाली डोकावून पाहा. तेथे सहा फूट जागा तुमच्या मुक्या सोबत्याची वाट पाहत असेल.

शब्दार्थ

मुका – बोलता न येणारा, बेज़ुबान
लठ्ठ – मोटा
हडकुळा – अतिशय बारीक, दुबला
भित्रा – डरपोक
आडोसा – लपण्याची जागा, आड
चौरस फूट – मुरब्बा फ़ुट
गंज – रचून ठेवलेल्या गवताचा ढीग
चपळ – फुर्तीला
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे
धूम ठोकणे – वेगाने पळून जाणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गिनीपिगचे मूळ घर कोठे आहे?
(आ) गिनीपिगचे शरीर कोणते जीवनसत्त्व तयार करू शकत नाही?
(इ) गिनीपिगचे मुख्य अन्न कोणते?
(ई) गिनीपिगला फिरते चाक का देऊ नये?

२. कारणे लिहा.
(अ) मोकळ्या खोलीत सोडलेला गिनीपिग एका जागी बसून राहतो.
(आ) गिनीपिगसाठी तिमजली पिंजरा उपयोगाचा नाही.
(इ) वजन कमी करण्यासाठी गिनीपिगला उपाशी ठेवू नये.

३. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा.
लठ्ठ, उपाशी, ओला, आळशी, उघडा

४. 'जिवावर बेतणे' आणि 'धूम ठोकणे' हे वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत वापरा.

५. उपक्रम : तुमच्या घरातील खाटेची लांबी आणि रुंदी मोजा. तिच्याखाली किती चौरस फूट जागा आहे, ते काढा. त्या जागेत गिनीपिगसाठी घर कसे कराल, त्याची आकृती काढून पाच वाक्ये लिहा.